बोटभर उघडी वाट

१

पांढऱ्या कापडावर साबण दिसत नाही. सगळी भानगड इथून सुरू झाली, म्हणून आधी तेच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा घाबरवायला बसलाय आणि साबणाचं काय घेऊन बसलाय.

आमच्या घरी गोधड्या होतात. शिवते अक्का, माझी थोरली बहीण. आखून देतो मी. म्हणजे धावदोरा कुठून कुठे जायचा ती रेघ मी कापडावर काढायची आणि तिने त्या रेघेवरून सुई न्यायची. त्या रेघेला आम्ही वाट म्हणतो. शाळेत माझं आणि अक्षरांचं कधी जमलं नाही. जोडाक्षर दिसलं की मी खिडकीतून बाहेर. पण हात चांगला आहे. गोल काढायला मला वाटी उपडी ठेवावी लागत नाही.

अक्का मला टवाळ्या म्हणते. चौऱ्याहत्तर पुरी झाली तरी टवाळ्याच. तिचं काही चूक नाही. एका जाडजूड वकिलाच्या गोधडीत मी ढेरपोट्या बेडूक आखला होता, नेमका त्याच्या पोटावर येईल असा. अक्काने तो वेल समजून शिवून टाकला. वकील अजून भेटला की म्हणतो, काय नक्षी आहे हो!

आमचे बाबाही हेच करायचे. त्यांचा एकच नियम होता. वाट जिथून निघाली तिथेच तिने परत यायचं. उघडी सोडायची नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही, कारण बाबांचा हात लांब होता आणि जवळ कापड मापायचा गजही असायचा. म्हणून गोधडी संपत आली की अक्का विचारते, "मिटली ना?" मी म्हणतो, "मिटली." मग ती गाठ मारते. पन्नास वर्षं हेच. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यापासून तर ती वाकून बघतही नाही. माझ्या शब्दावर गाठ मारते.

एवढी वर्षं मी सगळ्या चेष्टा केल्या, पण ही नव्हती केली.

२

अक्काची मुलगी, म्हणजे माझी भाची, आमच्याकडे राहायला होती. आठवा महिना. डॉक्टरने सांगितलं होतं, पलंगावरून उठायचं नाही. गेल्या वर्षी सातव्यात सगळं आटपलं होतं तिचं. त्या वेळी केलेलं रंगीत दुपटं अक्काच्या ट्रंकेत तळाशी आहे. ती ट्रंक आम्ही कोणी उघडत नाही. सतरंजी काढायची झाली तरी शेजारून मागून आणतो.

या वेळी भाची म्हणाली, "आई, दुपटं पांढरं कर. सगळं पांढरं. दोराही."

तर पांढरं कापड आलं आणि मी पत्र्याचा डबा उघडून बसलो. आखायचं सगळं सामान त्यात असतं. झिजलेल्या साबणाच्या वड्या, त्यांच्या कडा सुरीसारख्या. शिंप्याचे खडू. पेन्सिली. दात्यांचं चाक आणि निळा कार्बन. कापड दाबून ठेवायला बाबांचं पितळी वजन, भाकरीएवढं गोल. एकेक चिंधीवर करून बघितलं. साबण गडद कापडावर राजा, पांढऱ्यावर दिसेचना. निळा खडू दिसला, पण दोनदा धुतला तरी विणीत बसून राहिला. पेन्सिलीने दोरा मळला. कार्बनचं तर नावच काढू नका, तो माणूस मेला तरी जात नाही.

"नखाने आख," अक्का म्हणाली. "बाबा आखायचे तसं. अंगठ्याचं नख दाबून ओढायचं, कापडाला घडी बसते."

"आणि ती घडी तुला दिसणार? परवा तू मांजर समजून उशीला हाकललंस."

"ती उशी माझ्या पायात आली होती," अक्का म्हणाली. "आणि मला अजून सुईत दोरा ओवता येतो. तुझ्यासारखं जीभ बाहेर काढून बसावं लागत नाही."

शेवटी बटणवाल्याने पेन दिला. काळी झकास रेघ. वरून इस्त्री फिरवली की गायब! मी चिंधीवर दहा वेळा करून बघितलं. रेघ आहे, रेघ नाही. म्हटलं, हा पेन माझ्याच शाळेत शिकलाय.

मग काय, टवाळाच्या हाती असलं हत्यार. पूर्ण दुपट्यावर एकच वाट काढली, वळत वळत, कुठेही स्वतःला न छेदणारी. कोपऱ्यात जिथून निघालो तिथे परत आणली. आणि तिथे बोटभर आधी थांबलो. म्हटलं, फार मिरवते डोळ्यांवरून, बघू कळतं का. त्याच कोपऱ्यात बारीक लिहिलं, "अका माकड". जोडाक्षर येत नाही म्हणून अक्काचं अका झालं, पण माकड बरोबर लिहिलं होतं. त्यावर इस्त्रीचं टोक फिरवून ठेवलं.

नऊ दिवसांनी अक्का कोपऱ्यात पोचली.

"मिटली ना?"

"मिटली," मी म्हणालो.

तिने गाठ मारली.

दुपटं द्यायच्या दिवशी सांगायचं, अक्काने मला चार शिव्या घालायच्या, बोटभर टाके घालायचे आणि सगळ्यांनी हसायचं, असा बेत होता. वाईट नव्हता ना बेत?

३

दुपट्यावर इस्त्री फिरवली. वाट गेली, नुसते पांढरे टाके राहिले. मग अक्काने दुपटं पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवलं. तान्ह्याचं कापड ती नेहमी दोन दिवस तिथे ठेवते, कापसात कसर असली तर मरते म्हणून. बर्फाचा ट्रे आणि मटारची पिशवी बाहेर, दुपटं आत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला दूध काढायला गेलो, म्हटलं दुपटंही काढू. टेबलावर उलगडलं आणि बघतो तर काय, सगळी वाट परत आलेली. काळीकुट्ट. आणि कोपऱ्यात ठसठशीत, अका माकड.

घाम फुटला मला. तुम्हाला वाटेल भुताचा. छे, अक्काचा. ती मोरीत होती. मी इस्त्री लावली आणि ती तापेपर्यंत जिवाच्या आकांताने दुपट्यावर फुंकर घालत बसलो, जसं काही फुंकरीने जाणार होतं.

तेव्हा दिसलं. बोटभर सोडलेल्या जागेतून एक रेघ बाहेर आली होती. वाटेच्या उघड्या टोकापासून निघालेली, कापडावरून कडेकडे आणि गोटावरून, म्हणजे कडेच्या पट्टीवरून, पलीकडे. ती मी काढली नव्हती. माझी रेघ एका जाडीची असते. ही मध्येच जाड, मध्येच बारीक, पेन मुठीत धरल्यासारखी.

इस्त्री फिरवली. सगळं गेलं.

माझा हात घसरला असेल, मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.

४

पेनाचं पाकीट घेऊन भाचीकडे गेलो. "यावर काय लिहिलंय ते वाच गं."

तिने वाचलं. "उष्णतेने शाई दिसेनाशी होते. अति थंडीत पुन्हा दिसू शकते." माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, काय उद्योग केलात?"

"मी? मी गरीब माणूस."

पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पाकिटावर छापलंय म्हणजे त्यात घाबरण्यासारखं काही नाही. शाई थंडीत परत येते. मला वाचता आलं असतं तर आधीच कळलं असतं. राहता राहिली ती जादा रेघ. तीही माझीच, घसरलेल्या हाताची. आणि हात घसरला असेल तर पेन दुपट्यावरून खाली टेबलाच्या चादरीवरही उतरला असणार, आणि इस्त्रीने ती रेघही पुसली गेली असणार. ते बघितलं की विषय संपला.

म्हणून मी पितळी वजन फ्रीझरमध्ये ठेवलं. इस्त्री पुसते ना, मग ही उलटी इस्त्री. दुपारी जेवणं झाल्यावर ते फडक्यात धरून बाहेर काढलं आणि टेबलाच्या चादरीवर दाबलं. जिथे दुपट्याचा कोपरा येत होता, तिथेच.

उचललं. खाली रेघ होती.

बघ, म्हटलं, घसरलाच होता हात. वजन पुढे सरकवलं. रेघ पुढेही होती. आणखी पुढे सरकवलं, तिथेही. टेबलाच्या कडेपर्यंत गेली, तिथून चादर खाली लोंबते, तर त्या लोंबत्या भागावर खाली उतरली. सरळ नाही, जरा इकडे जरा तिकडे, जसं कोणी धरून धरून उतरावं.

एवढा कसा घसरेल हात?

वजन कोमट झालं. ते परत फ्रीझरमध्ये ठेवून मी स्टुलावर बसलो आणि पायाच्या बोटांकडे बघत राहिलो. अक्का तिच्या खोलीत घोरत होती. एरवी मी त्या घोरण्याची नक्कल करतो. त्या दिवशी मला ते घोरणं थांबू नये असं वाटत होतं.

५

वजन गार झालं तसं मी खाली सतरंजीवर बसून रेघ शोधली. सापडली. सतरंजीवरून ती दाराकडे जात होती. सतरंजी संपली तिथून पुढे फरशी. फरशीवर वजन ठेवलं, काही नाही. मोठा सुस्कारा सोडला. म्हटलं, संपलं. उठताना गुडघ्यासाठी काहीतरी धरावं म्हणून दाराचा पडदा धरला, आणि हातातलं वजन पडद्याला टेकलं.

पडद्यावर रेघ उमटली. माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. त्याहून वर नाही.

पडद्यापलीकडे भाचीची खोली.

मला मागे जायचं होतं. तुम्हाला खरं सांगतो, या वयात माणसाला शौर्य दाखवायची हौस नसते. पण आत ती एकटी होती.

ती जागी होती, कुशीवर. पोटावर पातळ शाल.

"मामा, हातात काय आहे?"

"उलटी इस्त्री. तुझे पाय सुजलेत ना, गार लावायला आणली."

"पाय तिकडे आहेत."

"ठाऊक आहे, जन्मल्यापासून बघतोय," मी म्हणालो आणि पलंगाच्या चादरीचा लोंबता भाग वजनाने दाबला. रेघ होती. वर चढत होती. शालीच्या कोपऱ्यावर दाबलं, तिथेही. कोपऱ्यातून वर, तिच्या पोटाच्या दिशेने. आता वीतभर राहिली होती जागा. मी वजन पुढे नेलंच नाही.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "आईला सांगू नका. सकाळपासून हललं नाहीये."

"झोपलं असेल. आपल्या घराण्यात सगळेच झोपाळू."

"गेल्या वेळीही आधी असंच गप्प झालं होतं."

मी एकही विनोद न करता अक्काच्या खोलीकडे धावलो. आयुष्यात पहिल्यांदा.

६

अक्काला हलवून उठवलं. डॉक्टरला फोन लावला. ताबडतोब घेऊन या, म्हणाली. गाडीवाला म्हणाला, वीस मिनिटं लागतील. अक्का लेकीच्या उशाशी बसली आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.  

मी दारात उभा. तोंडातून निघून गेलं, "अक्का, वाट मिटली नाही."

"काय?"

"दुपट्याची. बोटभर सोडली मी. तुझी गंमत करायला. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो."

बाकीचं, चादरीचं आणि पडद्याचं, मी नाही सांगितलं. कोण सांगेल? सांगितलं असतं तर तिने मलाच आधी गाडीत घातलं असतं.

अक्का शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने लेकीच्या केसांवरचा हात काढला. मग म्हणाली, "आण दुपटं. सुईचा डबाही आण. गाडी येईपर्यंत बसून तरी काय करू?"

फोन लावताना वजन पुन्हा फ्रीझरमध्ये टाकलं होतं, तेही दुपट्याबरोबर आणलं आणि दुपटं भाचीच्या शालीवर पसरलं. कोपरा नेमका शालीच्या त्या कोपऱ्याला लावला. अक्काने दोरा ओवला, पहिल्या झटक्यात. "कुठे आहे?"

मी डब्यातला पेन घेतला.

"त्याने नाही," ती म्हणाली. "नखाने."

मी उघड्या जागेवर नख टेकवलं आणि थांबलो. आता मिटवली तर जे बाहेर आहे ते बाहेरच राहणार. भाचीच्या पोटापासून वीतभर अंतरावर. हे मला कुणी शिकवलेलं नाही. वाट आखणाऱ्याला वाट कळते, एवढंच.

"ओढ की नख," अक्का म्हणाली.

"थांब."

"आता कशाला थांबू?"

"अक्का, तुझ्या पाया पडतो, जरा थांब."

ती थांबली. कदाचित मी पाया पडतो म्हणालो याच्याच धक्क्याने. मी शालीकडे बघितलं. मघाशी वजनाने उमटलेली रेघ तिथे नव्हती. तिथे कुणी इस्त्री फिरवली नव्हती. मग वजन दुपट्याच्या कोपऱ्यावर ठेवलं, अगदी गोटाजवळ. फडक्यातूनही तळवा बधिर झाला. उचललं.

रेघ गोटावर होती. आणि तिचं टोक ओलं होतं.

मी बघत होतो आणि ते टोक सरकलं. वर पेन नाही, हात नाही. गोटावरून आत, बोटभर उघड्या जागेकडे. मध्ये थांबलं, जसं लहान मूल उंबऱ्याशी थांबतं, पुढे जाऊ का विचारत. माझ्या तळव्याखाली दुपट्याला किंचित वजन आलं. मांजर पायाशी येऊन बसावं एवढं, त्याहूनही कमी.

"ये," मी म्हणालो. फार हळू म्हणालो. "ये रे बाळा. गार लागेल बाहेर."

टोक आत गेलं. वळणांमध्ये कुठेतरी एक छोटंसं गोल वेटोळं झालं आणि थांबलं.

"अक्का, घाल टाके!"

मी नख ओढलं, घडी बसली. तिने पाच टाके घातले, दात लावून दोरा तोडायच्या आधी सवयीने विचारलं, "मिटली ना?"

मी वाकलो, नाक कापडाला टेकेपर्यंत वाकलो आणि बघितलं. "मिटली."

तिने गाठ मारली.

"आई गं!" भाची ओरडली. आम्ही दोघं उडालो. ती पोट धरून रडत हसत होती. "लाथ! लाथ मारली! आई, हात लाव, इथे, आणखी एक!"

खाली गाडीवाल्याचा भोंगा वाजला.

७

दवाखान्यात यंत्र लावलं तेव्हा आतून टापांसारखा आवाज आला. डॉक्टर म्हणाली, उत्तम आहे. मी तिथल्या बाकावर बसून इतका रडलो की नर्सने मलाच पाणी आणून दिलं आणि विचारलं, "आजोबा, पहिलंच का?"

मुलगी झाली. वेळेवर, तीन किलोची, आवाज अक्काचा. आता तीन महिन्यांची आहे आणि माझी मिशी ओढते. तिच्यासाठी अक्काने दुसरं दुपटं केलं, तेही पांढरं. मी सगळी वाट नखाने आखली. रोज सकाळी उन्हात तिरकं धरून अक्काला दाखवायचो आणि ती शिवायची. महिना लागला. पेन मी बटणवाल्याला परत दिला. म्हटलं, ठेव तुझ्याकडे, फार खोड्या काढतो.

पहिलं दुपटं तान्हीला दिलं नाही. ट्रंकेतही टाकलं नाही. ट्रंकेत ठेवायचा विचारच सहन होईना, गेल्या वर्षी तिथे कोंडलं तेवढं पुरे. ते माझ्याकडे आहे. दुपारी आरामखुर्चीत पडलो की पायांवर घेतो. माझे पाय गार पडतात हल्ली. त्याखाली एक पाय जास्त उबदार राहतो, एवढंच. मी त्यात काही बघत नाही. ते फ्रीझरजवळ नेतही नाही.

परवा अक्काने विचारलं, "त्या दुपट्याच्या कोपऱ्यात काय लिहिलं होतंस?"

"कुठे काय?"

"टाके घालताना तुझ्या त्या गार वजनाखाली उमटलं होतं. अका माकड." सुपारी कातरावी तसं बोलली ती. "माझं नाव तरी नीट लिही, टवाळ्या. पन्नास वर्षं तुझ्या शेजारी बसले."

"म्हणजे तुला दिसतं? मग तेव्हा वाट उघडी आहे हेही दिसलं असेल की!"

"बघितलंच नाही मी," अक्का म्हणाली. "तू मिटली म्हणालास ना."

त्याच दिवशी मी पाटी घेऊन भाचीसमोर बसलो आणि तिच्याकडून क ला क जोडायला शिकलो. अक्का. आता येतं मला. माकडाच्या आधी लिहायला उपयोगी पडेल.

आता रोज दुपारी मी खुर्चीत पडलो की अक्का पलीकडच्या खोलीतून, घोरायला लागायच्या जरा आधी, हाक मारते.

"मिटली ना रे?"

ती चेष्टाच करते माझी. मी दुपट्याचा कोपरा चाचपतो. अंगठ्याखाली पाच टाके लागतात आणि शेवटी गाठ. आत कुठेतरी काहीतरी कूस बदलतं आणि पुन्हा निवांत होतं.

"मिटली, अक्का," मी म्हणतो. "झोप तू."